उशीच्या उंचीवरून

“ही बघा ताई, अर्धीच ऱ्हायली.” गोरखने खोलीचं दार ढकललं आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबला. “बाकी सगळं झालंय. पन ह्या कोपऱ्यात बाईंनी नुसतं डाग टाकून ठिवलेत. आता ते पुरं कोण करणार?”

नव्या बंगल्यातली नवी खोली. पलंग अजून आलेला नव्हता. खिडकीबाहेर ऊस होता आणि उसाच्या शेंड्यांवरून येडगाव धरणाच्या पाण्याची एक पांढरी रेघ दिसत होती. भिंती वाळल्या गवताच्या रंगाच्या. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत उसाची कांडी, पाचट, पाचटातून चाललेली मुंग्यांची रांग आणि एक गोगलगाय. तिथवर माझ्या आईचा हात मी कुठेही ओळखला असता. पण खिडकीच्या डावीकडे, जिथे दोन भिंती मिळतात, तिथे काहीच ओळखीचं नव्हतं. पिवळसर ओरखडे आणि काळे ठिपके. काही या भिंतीवर, काही त्या, दोन-चार खिडकीच्या आतल्या कडेला, एक तर चक्क खाली फरशीच्या पट्टीवर. कुणीतरी ब्रश झटकावा तसे.

“दुपारी आळेफाट्याहून कागदवाला येतोय,” गोरख म्हणाला. “भिंतीला लावायला जंगलाचा कागद सांगितलाय. हत्ती, जिराफ, सगळं. वाईट नका वाटून घेऊ ताई. पन पोरीची खोली किती दिवस अशी ठिवायची?”

“नाही, बरोबर आहे तुमचं,” मी म्हणाले. मी फक्त आईची गोधडी न्यायला आले होते. फोन त्यासाठीच आला होता.

भिंतीला टेकून एक मुलगी उभी होती. दहा वर्षांची असेल. दोन्ही हात पाठीमागे, जणू भिंतच धरून ठेवली आहे.

“ही आरोही. हिचीच खोली. कागद नको म्हणती. मग काय पायजे, तर ते बी सांगत न्हाई.”

आरोहीने मला नीट पाहून घेतलं. “तुम्ही रंगाच्या आजीच्या कोण?”

“मुलगी.”

“पुण्याला पुस्तकांत असता, त्या?”

“हो. कॉलेजच्या लायब्ररीत.”

तिने मान डोलवली.

आईला जाऊन दीड महिना झाला होता. बुधवारी संध्याकाळी ती इथून खोडदला घरी गेली. उद्या यायचंच आहे म्हणून गोधडी आणि रंगाची पिशवी इथेच ठेवून. गुरुवारी सकाळी शेजारच्या गोजरबाईंनी हाक मारली, तेव्हा ती उठली नाही.

ती खोडदच्या अंगणवाडीत मदतनीस होती. मी तिथेच बसायला जात होते त्या वर्षी भिंती रंगवायला एक पेंटर आला. त्याने आंबा, केळं, मोर सुबक काढले, पण त्याचा हात जिथे सहज पोचत होता तिथे. पाहणीला येणाऱ्या साहेबांच्या नजरेसमोर. दुपारी खिचडी झाली की आम्हाला सतरंजीवर ओळीने झोपवायचे. एक पोरगं काही केल्या झोपेना, म्हणून आई त्याच्या शेजारी आडवी झाली, आणि तिच्या लक्षात आलं की इथून मोर दिसतच नाही. दिसतो तो खालचा तपकिरी ऑइलपेंटचा पट्टा. घरी येऊन ती चुलीपुढे बसली आणि म्हणाली, “पोरं रोज त्या पट्ट्याकडं बघत झोपत्यात. आन् मी उभ्यानं म्हणती, काय छान भिंती झाल्या.”

पेंटरच्या उरलेल्या डब्यांतून तिने त्या तपकिरी पट्ट्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मुंग्यांची रांग काढली. मग कोंबडीची पिल्लं. मग दाराबाहेर काढलेल्या चपलांची ओळ, प्रत्येक पोराची वेगळी. त्यात माझीही होती. अंगठा तुटलेली. तिच्याकडे बघत मी वर्षभर झोपले.

पुढे नारायणगाव, आळे, पिंपळवंडी या बाजूला स्लॅबचे बंगले उठले. प्रत्येक नकाशात मुलांची बेडरूम असायची. बांधून झाली की तिच्यात कांदे पडायचे, नाहीतर खताच्या गोण्या, कारण मुलं आजी-आजोबांची कूस सोडून तिथे झोपायचीच नाहीत. मग आईला निरोप यायचा. ‘कुशाबाईनं रंगवली की पोर त्या खोलीत झोपतं’ असं लोक म्हणत. ती घरातल्या मोठ्यांना बाहेर काढायची, दार लावायची, पलंग येणार असेल तिथे गोधडी अंथरायची आणि मुलाला घेऊन आडवी व्हायची. “काय दिसतंय?” एवढंच विचारायची. दोन दोन दिवस नुसती पडून असायची. बाहेर घरच्या बाया कुजबुजायच्या, रंगवायला बोलावली का झोपायला. मग बांबूच्या काठीला कोळसा बांधून, पडल्या पडल्याच, एक डोळा मिटून ती भिंतीवर खुणा करायची. रंग त्यानंतर. आणि तिचा एक नियम होता. चित्रात कुणी का असेना, डोळे ती भरायची नाही. डोळ्याचा रंग कालवून ठेवायची. भरायचा तो मुलानेच, सगळ्यात शेवटी.

मोठ्या मुलांचं तिचं शास्त्र वेगळं होतं. आळ्याच्या सार्थकने बाराव्या वर्षी तिला सांगितलं, “मला चित्रंबित्रं नकोत. मी काय बारका हाय का?” तिने चारही भिंती साध्या पांढऱ्या केल्या. घरचे म्हणाले, हे तर आम्हीही केलं असतं. त्याच्या अभ्यासाच्या टेबलाच्या खालच्या बाजूला मात्र, खाली शिरून उताणं पडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, तिने आख्खी विहीर काढली होती. खालून वर बघितल्यासारखी: वर्तुळाकार काठ, आकाश आणि काठावरून डोकावणारी त्याच्या मित्रांची तोंडं. “त्या वयात चित्र पायजेच असतं,” ती मला म्हणाली होती, “फक्त दुसऱ्याला दिसायला नको असतं.” आईच्या दहाव्याला तो आला होता. मिशा फुटलेल्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “टेबल अजून तेच वापरतो.” आणि गेला.

हे सगळं मी ऐकून होते. पाहिलं फारसं नव्हतं. पुण्याहून आले की ती मोबाइलवर फोटो दाखवायची. फोटो घरच्यांनी उभ्याने काढलेले असत. त्यात नुसतं गवत, पाचट, तुटक रेघा. मी ‘छान आहे’ म्हणायचे.

“चहा घ्या, मग बांधा गोधडी,” आरोहीची आई अश्विनी दारातून म्हणाली.

हॉलमध्ये दादाभाऊ खाटेवर बसले होते. गोरखचे वडील. नव्या सोफ्यासमोर ती दोरीची खाट विचित्र दिसत होती, पण ती हलवायची कुणाची छाती नसावी. खाटेवर दोन उशा होत्या. एक मोठी, एक फुलाफुलांची लहान.

“बाई लई गुणाची,” दादाभाऊ म्हणाले. “माझं ऐकलं तिनं. मला म्हणली, दादाभाऊ, पोरीला वाघ काढू का? म्या म्हणलं, बाकी काय बी काढा, बाई. वाघ न्हाई. ह्या घरात त्याचं नाव बी नको.”

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

“तीन वर्सं झाली. जुन्या घरी व्हतो. टिप्या म्हणून कुत्रं व्हतं आमचं, ओट्यावर पडून असायचं. दिवेलागणीला ही पोरगी खिडकीत व्हती. हिच्यासमोर उचलला. आवाज बी झाला न्हाई. नुसती साखळी हालली. तवापसनं ही माझ्या खाटंवर. भिंतीकडून ती, बाहीरनं मी.”

“दहा वर्षांची घोडी झाली, मामंजी,” अश्विनी म्हणाली. “उद्या हॉस्टेलला घालायची म्हणलं तर खाट पाठवायची का संगं?”

“पाठव की. मी बी जातो.” सगळे हसले. मग ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, “खोटं कशाला बोला. तिच्याबिगर आता मलाच झोप लागत न्हाई.”

आरोही हसली नव्हती. ती दारात उभी राहून एकदा आजोबांकडे आणि एकदा खोलीकडे बघत होती.

मी खोलीत परत आले. गोधडी उचलायला वाकले आणि खालीच बसले. टर्पेंटाइनचा वास होता, त्याच्याखाली खोबरेल तेलाचा. ही घरातली जुनी गोधडी, आजीच्या लुगड्यांची. बारा-पंधरा वर्षं आईने ती कामावर वापरली. मी तिची घडी उलगडली. काठांवर सगळीकडे रंग सांडलेला. निळा, शेवाळी, विटकरी, एकावर एक. किती खोल्यांचे थेंब होते ते कोण सांगणार. पण मधोमध मात्र एकही थेंब नव्हता. तिथे लुगड्याची मूळची अंजिरी वीण तशीच होती: वर गोल, खाली रुंद, मग निमुळती. पाच फुटांच्या बाईएवढी.

मी ती फरशीवर नीट अंथरली आणि त्या कोऱ्या जागेत आडवी झाले. का, ते सांगता येणार नाही. डोकं बरोबर बसलं. टाचा मात्र बाहेर, वाळलेल्या रंगावर गेल्या. मी तिच्याहून तीन बोटं उंच.

इथून खोली मोठी वाटत होती. छत दूर गेलं होतं. उभ्याने जी नुसती कांडी दिसत होती ती आता डोक्याच्या वर चढून गेली, आणि मी उसाच्या फडात पडले आहे असं झालं. मुंग्या माझ्या नजरेच्या रेषेत आल्या. कोपऱ्यातले डाग मात्र डागच होते.

“मावशी.” आरोही दारातून बोलली. आवाज अगदी खाली. “थोडं इकडं सरका. उशी असते ना, तसं डोकं करा. आता उजवा डोळा मिटा.”

मी मिटला.

ते कसं झालं ते मला अजून नीट मांडता येत नाही. मी पुस्तकांत राहणारी बाई. अशा करामतींविषयी मी वाचलेलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या राजवाड्यांची नावं मला सांगता आली असती. पण डाव्या भिंतीवरचा एक ओरखडा उजव्या भिंतीवरच्या ओरखड्याला जाऊन मिळाला, खिडकीच्या कडेवरचे ठिपके मागे सरकून खांद्यावर बसले, फरशीच्या पट्टीवरचा तो एकटा डाग पंजा झाला, आणि दोन भिंतींचा कोपराच नाहीसा झाला. तिथे ऊस दुभंगला होता, आणि त्या वाटेने एक बिबट्या निघून चालला होता. पाठमोरा. एक पाय उचललेला. शेपटीचं टोक वर वळलेलं. खऱ्या खिडकीच्या दिशेने, खऱ्या पाण्याच्या रेघेकडे. जाता जाता त्याने मान वळवून मागे पाहिलं होतं. डोळ्याच्या जागी भिंत कोरी होती.

सातवीपर्यंत शिकलेली माझी आई. तिने हे काठीला कोळसा बांधून, एक डोळा मिटून, एका मुलीच्या उशीइतक्या उंचीवरून केलं होतं. चित्र अर्धं नव्हतं. पुरं होतं, डोळ्याएवढं सोडून. फक्त जिथून बघायचं तिथे कुणी गेलं नव्हतं. मीही तिशी ओलांडली तरी गेले नव्हते.

“तुला माहीत होतं?”

आरोही येऊन माझ्या शेजारी पडली. “आजीनी शप्पथ घातली होती. डोळा भरेपर्यंत आजोबांना सांगायचं नाही. मग एकदम दाखवायचं. आणि मग त्या आल्याच नाहीत.”

“तो तू भरायचा होता?”

“रंग करून ठेवलाय त्यांनी. पिशवीत.” तिने कोपऱ्याकडे बोट केलं. “पण इथून दिसतो, तिथं गेलं की दिसत नाही. कुठं भरायचा, कळत नाही.”

बाहेर मोटरसायकल थांबली. आळेफाट्याचा जिनेश आला होता, कागदाच्या गुंडाळ्या खांद्यावर घेऊन. आईला तो ओळखत होता. तिचे रंग त्याच्याच दुकानातून यायचे. “तुमच्या आईनं माझं लई गिऱ्हाईक पळवलं, ताई,” तो म्हणाला, आणि मग टोपी काढून हातात धरली. “आता पळवायला कुणी नाय, तर मजा येत नाय.” त्याने गुंडाळी सोडली. जिराफ, सिंह आणि झेब्रे ओळीने हसत होते.

“आता उरकून घेऊ,” गोरख म्हणाला. “पलंग बी यील इतक्यात.”

“गोरखभाऊ, कागद लावायच्या आधी एकदा इथे आडवे होता का?”

“मी?” तो हसला. “इथं?”

“नाहीतर जिनेशभाऊ तुम्ही.”

“नका हो. मी खाली गेलो की वर काढायला जेसीबी सांगावा लागंल.”

“मग दादाभाऊंना बोलवा,” मी म्हणाले.

आरोहीने माझा हात धरला. घट्ट. मला कळत होतं मी काय करते आहे. घर त्यांचं, भिंत त्यांची आणि शब्दही त्यांचाच मोडलेला. तोही माझ्या आईने. ते ‘पुसा’ म्हणाले असते तर मला गोधडी उचलून मुकाट जावं लागलं असतं.

दादाभाऊ आले. गुडघ्यावर हात देत, गोरखला धरत, ते गोधडीवर टेकले. “काय बघायचंय, पोरी? छत?”

“आरोही सांगेल.”

“आजोबा, टोपी काढा. डोकं इथं. उजवा डोळा मिटा.”

ते आडवे झाले. त्यांचे तळवे भेगाळलेले, वर झालेले. मी त्यांच्या उघड्या डोळ्याकडे बघत होते. तो कोपऱ्यावर गेला, फिरला, परत आला आणि थांबला. त्यांची छाती वर आली ती तशीच राहिली. गोधडीवरचा हात हळूच उचलला आणि बाजूला चाचपत आरोहीच्या पायाला लागला.

“जातोय की ह्यो,” ते शेवटी म्हणाले.

“हो,” आरोही म्हणाली.

“कुठं?”

“धरणावर. पाणी प्यायला.”

“मग मागं का बघतोय?”

“आपण मागं येत नाही ना, ते बघतोय. आजी म्हणल्या, त्याला पण भ्या वाटतं.”

गोरख दारातून वडिलांना, “तात्या, काय हाय? कोण जातंय?” असं विचारत होता, त्याला दादाभाऊंनी नुसता हात केला. मग म्हणाले, “डोळा न्हाई त्याला.”

“तो मी भरायचाय.” आरोहीचा आवाज बारीक झाला. “तुम्ही म्हणाला तर.”

खिडकीबाहेर उसावरून वारं गेलं. दादाभाऊंनी मिटलेला डोळा उघडला, छताकडे पाहिलं, पुन्हा मिटला.

“मग भर की,” ते म्हणाले. “उगं आंधळा कशाला पाठवायचा त्याला.”

पिशवीत ब्रशांच्या तळाशी होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक बाटली होती, बूच घट्ट लावलेली. कागदाच्या चिठ्ठीवर आईचं गोल, दाबून काढलेलं अक्षर: आरोही. डोळा. मी बूच काढलं. रंग वाळला नव्हता. आत सायीखाली मधासारखा, किंचित हिरवट. तिने तो बुधवारीच कालवला असणार.

आरोही कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली आणि गोंधळली. तिच्यासमोर नुसते डाग होते.

“खाली,” दादाभाऊ गोधडीवरून म्हणाले. “आणखी खाली. हां. आता खिडकीकडं. लई झालं, लई झालं, माघारी ये. बास. हितं.”

तिने ब्रश टेकवला.

“दाबू नको. लांबट वढ. बदामावानी.”

“असं?”

“आसं.” त्यांचा आवाज घसरला. “आता ऱ्हाऊ दे.”

ती पळत येऊन त्यांच्या शेजारी पडली, आणि दोघं एक एक डोळा मिटून बघत राहिली. मग अश्विनी खाली झाली, पदर सावरत. मग गोरख. तो उठला तेव्हा त्याला कुणाकडेच बघता येत नव्हतं. शेवटी जिनेश भिंतीला धरून, दोनदा थांबून, खाली गेला आणि तसाच पडून राहिला. त्याला कुणी हसलं नाही. उठल्यावर त्याने टोपी घातली आणि जिराफ, सिंह, झेब्रे परत गुंडाळले. “ह्याच्यावर कागद लावायचा हात नाय माझा,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला बोलवा.”

चारच्या सुमाराला पलंग आला, आईने सांगून ठेवलेला, जमिनीलगतचा बैठा. तो कुठे ठेवायचा हे आरोहीने फरशीवर खडूने आखून दिलं. दादाभाऊ हॉलमध्ये गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती फुलाफुलांची लहान उशी होती. ती त्यांनी पलंगावर ठेवली, वाकून खिडकीच्या कोपऱ्याशी नजर जुळवली, आणि चार बोटं डावीकडे सरकवली. मग अभ्रा तळहाताने सारखा केला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

माझी नारायणगावची गाडी साडेपाचला होती. मी पलंगासाठी बाजूला सारलेली गोधडी उचलली. मोठी गोधडी एकट्याने घडी होत नाही; दादाभाऊंनी न सांगता समोरची दोन टोकं धरली. आम्ही ती ताणली. तेव्हा त्यांना ती मधली कोरी जागा दिसली. ते बघत राहिले.

“ही बाईंची?”

“हो.”

मी नेहमीच्या सवयीने टोकाला टोक लावायला पुढे आले. त्यांनी आपली टोकं सोडली नाहीत.

“मधून घडी नको, पोरी,” ते म्हणाले.

मग आम्ही ती फरशीवर ठेवली, आणि पायांकडून डोक्याकडे, दोघांनी मिळून, हळूहळू गुंडाळत नेली.